अर्धा पत्रा सावलीत

इंदू, आधी माझा मूर्खपणा सांगते. तो एकदा कबूल करून टाकला, की तुझ्यावर चिडायला मी मोकळी.

तीस वर्षांची असताना मी भरल्या हॉलमध्ये, दोन फळे खडूनं भरून, एक प्रमेय सिद्ध केलं होतं. अंगावर कडक इस्त्रीची कोटा साडी, हातात नवं घड्याळ, आणि आवाज असा, की आजपासून जगातले सगळे पत्रे माझ्या हुकमात. प्रमेय असं होतं: एक पातळ पत्रा आहे, उष्णतेला हळवा. वाकला की तापतो, तापला की वाकतो. तो कितीही थरथरत असो, त्याच्या मध्ये कुठेही हात न लावता, फक्त काठावरून ढकलून, ठरवलेल्या वेळात त्याला शांत करता येतं. पहिल्या रांगेत आपले सर मान डोलवत होते. बाहेरगावचे दोन पाहुणे उतरवून घेत होते. सिद्धता संपल्याचा छोटा चौकोन मी काढला, खडू ठेवला आणि हात झटकले. हात झटकायचा सराव मी घरी आरशासमोर करून आले होते, हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा शेवटच्या रांगेतून तू उभी राहिलीस. नवीन लागलेली लेक्चरर, महाल भागातून सायकल मारत आलेली, कपाळावर घाम. तुझं नावही मला ठाऊक नव्हतं.

"मॅडम, एक विचारू का? तुमचा पत्रा आधी हलून राहिला होता का?"

हॉल हसला. मीही हसले, कारण मला प्रश्नच कळला नव्हता. मग तू पुढे आलीस, खडू घेतलास आणि माझ्या पहिल्याच पाच ओळींखाली पाच रेघा ओढल्यास. काठावर मी सगळंच शून्य मानलं होतं. उंची शून्य, उतार शून्य, वाक शून्य, तापमान शून्य, उष्णतेचा प्रवाहही शून्य. ढकलायला एक तरी गोष्ट मोकळी सोडायची असते. मी नीटनेटकेपणाच्या हौसेत सगळी दारं लावून घेतली. असा पत्रा थरथरूच शकत नाही. म्हणजे जो मुळातच गप्प पडून होता, त्याला मी दोन फळे खर्चून गप्प करून दाखवलं होतं.

नातवंडांना हा प्रसंग मी अभिनयासकट करून दाखवते, हात झटकण्यासकट. गणित त्यांना कळत नाही, पण आजीची फजिती बरोबर कळते.

त्या दिवशी मी तुला जिन्यात गाठलं. म्हटलं, "एवढ्या लोकांसमोर विचारायची काय गरज होती? चहाच्या वेळी सांगितलं असतंस."

"चहापर्यंत त्या पाहुण्यांनी ते खरं समजून नेलं असतं ना वं."

पहिल्या भेटीत, मॅडमवरून थेट 'वं', म्हणजे अगं-तुगंवर! मी घरी जाऊन नवऱ्याला तुझ्याबद्दल काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आणि दुसऱ्या दिवशी माझा डबा घेऊन तुझ्या टेबलाशी येऊन बसले. त्या अख्ख्या हॉलमध्ये माझ्या ओळी खरोखर वाचलेली तू एकटी होतीस, एवढं कळायची अक्कल तेव्हाही होती.

आता तुझ्याकडे येते.

तू गेलीस त्याला आज बावीस दिवस झाले. हुडकेश्वरच्या तुझ्या घरी लोक येतात, बसतात, सांगतात की इंदुताई फार शांत होत्या, कोणाशी वाद म्हणून नाही. मी समोरच्या खुर्चीत बसून पाणी पिते. कोणाशी वाद नाही! अगं, अकरा वर्षं तू माझ्याशी एका पत्र्यावरून भांडलीस. आणि भांडण अर्धं टाकून गेलीस. मला याचा राग येतो, इंदू. दुःखही होतं, पण ते येऊन जाऊन असतं. राग मात्र सकाळी मी उठायच्या आधी उठलेला असतो.

माझ्यासाठी हे सगळं म्हणजे चिन्हांची रांग होती. तुझ्यासाठी तो तुझ्या बाबांचा माग होता. हातमागावर नऊवारी विणताना कापड आत आकसतं, म्हणून दोन्ही काठांत टोकं रुतवून रुंदी ताणून धरणारी एक काडी लावतात. ती काडी तू मला तुझ्या माहेरी नेऊन दाखवलीस. "मध्ये हात लावला का बाबा ओरडत," तू म्हणालीस. "रेशमाले घामाचा डाग पडते. काठ धर म्हणत, मधलं येते बरोबर." पुढे वीस वर्षं मी वर्गात सीमानियंत्रण शिकवताना हे उदाहरण माझं स्वतःचं म्हणून वापरलं. आमच्या सासरी माग होता असंही एकदा ठोकून दिलं. सासरी किराणा दुकान होतं, तुला माहीतच आहे.

पण तुझ्या गच्चीवरच्या पत्र्याचं श्रेय मी कधी ढापलं नाही. तो तुझाच. हुडकेश्वरला घर झालं, वर पत्र्याची शेड घातलीत, आणि मे महिन्यात तो पत्रा दुपारभर टणटण वाजायचा. सगळ्यांचेच वाजतात. मग शेजारी तीन मजली इमारत आली आणि तिची सावली तुमच्या पत्र्याच्या बरोबर मध्यावर पडायला लागली. अर्धा भाग चटका बसेल असा, अर्धा हात ठेवता येईल असा. वाजण्याचा सूरच बदलला. तू जिन्यात उभी राहून ऐकत होतीस आणि मी खाली आइस्क्रीम वितळतंय म्हणून ओरडत होते.

"मालते, हे नाही केलं वं कोणी."

एकसारख्या पत्र्याचं इतरांनी केव्हाच सोडवलं होतं, आणि देखणं सोडवलं होतं: हालचाल नेमकी हवी तिथे आणून थांबवता येते, उष्णतेला मात्र हवं त्याच्या कितीही जवळ नेता येतं, अगदी नेमकं नाही. आपल्या पत्र्याचा अर्धा भाग सावलीत. वाकणं आणि तापणं यांचं नातं एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला वेगळं. वर तू अट घातलीस की चारपैकी एकाच काठाला हात लावायचा, आणि तोही फक्त ढकलायला.

त्या पहिल्या उन्हाळ्यात आपण दोघी, पन्नाशी उलटलेल्या दोन प्राध्यापिका, गच्चीवर पत्र्याचा तुकडा विटांखाली दाबून, अर्ध्यावर छत्री धरून, त्यावर मोहरी पसरून बसलो होतो. पत्र्याला टिचकी मारली की मोहरी कुठे गोळा होते ते पाहायचं. तुझ्या सासूबाई वर आल्या, दोन मिनिटं बघत राहिल्या.

"काय वं पोरीहो, मोहरी वाळवून राहिल्या का नाचवून राहिल्या?"

"गणित करून राहिलो, आई."

"मग मोहरी कायले? पाटीवर करा ना."

मोहरीनं तशी आपल्याला काहीच सांगितलं नाही. उन्हातली सावलीत आली, सावलीतली पत्र्यावरून घरंगळली. पण मला वाटतं मी आयुष्यात इतकी हसले नव्हते.

भांडण त्याच वर्षी सुरू झालं. मी म्हणायची, काठावर थोडी उष्णता द्यायचीही मुभा घेऊ. ढकलायचंही आणि तापवायचंही. तेवढी सवलत घेतली तर सहा महिन्यांत लेख होतो. तू ऐकत नव्हतीस.

"ऊन तुह्या हातात आहे का? सूर्याले अर्ज करशीन?"

"इंदू, गणितात कोणी अर्ज करत नाही. गृहीत धरतात."

"तेच त. गृहीत धरण्यात तू पयलेपासूनच हुशार."

"एकदा, पंचवीस वर्षांपूर्वी, एक गोष्ट गृहीत धरली—"

"एक नाही, पाच."

हे वाक्य तू मला किती वेळा ऐकवलंस! निवृत्तीच्या समारंभात, सगळ्यांसमोर, हारासकट.

आणि तरी मी दर शनिवारी दुपारी हुडकेश्वरला येतच राहिले. पाठकोरे कागद, जुन्या पुरवण्या, कॉलेजच्या रद्दीतले फॉर्म, हे सगळं तू जाड दोऱ्यानं शिवून वह्या करायचीस. माझ्या घरी छान कोऱ्या वह्या होत्या. मी आणल्या तर म्हणायचीस, कोऱ्या कागदावर माणूस उगाच सुंदर लिहिते. माझ्याकडे बघून म्हणायचीस.

हे गेले तेव्हा तू चौथ्या दिवशी आलीस. माझ्या घरी गर्दी होती, प्रत्येक जण पाठीवर हात फिरवत होता. तू हात फिरवला नाहीस. पिशवीतून सतरा पाठकोरी पानं काढलीस आणि म्हणालीस, "यात कुठंतरी चूक आहे, मले सापडून नाही राहिली." मी बारा दिवस ती शोधत होते. रडायचे, पुन्हा शोधायचे. सापडली तेव्हा तुला फोन केला आणि ओरडून सांगितलं, पान नऊ! तू म्हणालीस, "हो का." तुझ्या त्या 'हो का'वरून मला दोन वर्षांनी उमगलं, की ती चूक तू मुद्दाम घातली होतीस. यासाठी मी तुझी आजन्म ऋणी आहे, आणि याचसाठी आज तुझ्यावर विश्वास ठेवणं मला अवघड जातंय. ते पुढे सांगते.

गेल्या दिवाळीत मी काय केलं ते तुला माहीत आहे. हे कधी दुसरं कोणी वाचलं, तर त्यांना नाही. मी अडुसष्ट वर्षांची, गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात. अकरा वर्षांत आपल्या नावावर एक ओळ छापलेली नाही. मी एकटीनं बसून सवलतीचा लेख लिहिला, ढकलायचं अधिक तापवायचं. एका बोटानं टाइप केला. वर दोघींची नावं घातली, तुझं आधी. आणि फराळाचा डबा पाठवावा तसा, तुला न विचारता, एका नियतकालिकाला पाठवून दिला. तुला छापील प्रत हातात देऊन चकित करायचं होतं. तीस वर्षांच्या त्या कोटा साडीवालीला मी उगाच हसते. हीसुद्धा तीच, फक्त साडी सुती.

त्यांनी दोघींना पोच पाठवली. मग संपादकांनी तुझं पत्र माझ्याकडे पाठवलं. इंग्रजीत दोनच ओळी होत्या. लेखातलं प्रमेय बरोबर आहे. माझं नाव काढावं.

मी लगेच फोन लावला.

"इंदू, हे काय केलंस?"

"तू काय केलं ते आधी सांग."

"दोघींची नावं घातली. तुझं तर आधी घातलं!"

"आधी घाल नाहीतर मागं घाल. मले विचारलं का?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नसती म्हणली. म्हणूनच त विचारावं लागते."

"त्यात खोटं काय आहे ते सांग."

"खोटं नाही. सोपं आहे."

तेव्हा मी ते बोलले. म्हटलं, तुझ्या हट्टापायी आपण दोघी मरून जाऊ आणि पत्रा आहे तिथेच वाजत राहील. पलीकडे कुकरची शिटी झाली. मग म्हणालीस, "मरू त मरू," आणि फोन ठेवलास.

लेख मी परत मागवला. तुझ्या नावाशिवाय तो मला नको होता. हे मात्र तुला कळवलं नाही. का कळवू? तू कुठे विचारलंस?

सात महिने. त्यात एकदाच दिसलीस, सीताबर्डी मेट्रो स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर. तू वर जात होतीस, मी खाली येत होते. तुझ्या हातात रिफिलींचं पाकीट होतं. मी पर्समध्ये डोकं खुपसलं आणि तिकीट शोधायला लागले. मला वाटतं तूही काहीतरी शोधत होतीस. दोन म्हाताऱ्या, एक वर, एक खाली, दोघी पर्समध्ये. सरकत्या जिन्यावर उलटं फिरता येत नाही, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. खालून पुन्हा वर जायला दुसरा जिना असतो, इंदू. मी बघितला होता.

मग प्राजक्ताचा फोन आला. तुझी मुलगी फोनवर रडत नव्हती, पत्ता सांगितल्यासारखं तिनं सांगितलं. मी आले. तुला पाहिलं. त्याबद्दल लिहीत नाही.

चौथ्या दिवशी तिनं मला आत बोलावलं आणि तुझी वही हातात दिली. दोरा नवा होता. मी तिथेच तुझ्या पलंगावर बसून वाचायला लागले आणि माझे कान गरम झाले. तू सोडवत आणलं होतंस! एकच काठ, फक्त ढकलणं, अर्धा पत्रा सावलीत. पान एक ते तीस, एकही सैल ओळ नाही. जिथे मी हरकत घेतली असती तिथे आधीच उत्तर लिहिलेलं. तिसाव्या पानावर माझ्या तोंडून वा निघालं. आणि एकतिसाव्या पानावर मधोमध, तुझ्या त्या उभट अक्षरात, एकच ओळ.

"इथलं मालतीला ठाऊक आहे."

पुढे बत्तिसावं पान. जणू मधलं सगळं झालं आहे, आता पुढे चला. छत्तिसाव्यावर सिद्धता संपते. छोटा चौकोन काढलेला.

काय ठाऊक आहे मला? काय?

अठरा दिवस मी हेच विचारतेय. माळ्यावरची पेटी उतरवायला लावली. माझा प्रबंध वाचला. वाचताना मध्येच झोप लागली, इतका तो कंटाळवाणा आहे, आणि तू तो दोनदा वाचला होतास म्हणे. पत्र्याच्या कोपऱ्यांवर मी एक टिपण केलं होतं, तेच असेल म्हणून चार दिवस त्यात घालवले. कोपऱ्यांचं तू अकराव्या पानावर आधीच उरकलं होतंस, माझ्यापेक्षा चांगलं. जुन्या शनिवारांची पानं चाळली. कशातच नाही. लोकांच्या आठवणींत आपण राहावं म्हणतात. मला तू तुझ्या आठवणीत ठेवलंस, पण माझ्यातलं नेमकं काय ठेवलंस ते सांगितलं नाहीस. ही कुठली पद्धत?

मग परवा, भाजी निवडताना, एक गोष्ट सुचली. ती वाचणाऱ्यांना समजावी म्हणून थोडं सांगते, तू वगळून पुढे जा.

काठावरून पत्रा थांबवता येतो का, हे आम्ही थेट विचारत नाही. प्रश्न उलटा करून घेतो. समजा काठाला कान लावून बसलं आणि काहीच ऐकू आलं नाही. तर आत सगळं शांत आहे असं खात्रीनं म्हणता येईल का? म्हणता येत असेल, तर त्याच काठावरून ढकलून पत्र्याला शांततेच्या हवं तितकं जवळ नेता येतं. ही त्यातली पहिली पायरी, आणि एकतिसाव्या पानावर नेमकी तीच हवी होती. आणि काठावर सगळं शून्य असेल तर आतही शून्य, हे कोणी सिद्ध केलं होतं? दोन फळे भरून? हात झटकून?

भाजी तशीच राहिली. माझी ती चाळीस वर्षांपूर्वीची फजिती तू फेकून दिली नव्हतीस. ज्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं तिथून उचलून, ज्याचं आहे तिथे नेऊन ठेवलं होतंस. मी स्वयंपाकघरात एकटी उभी राहून तुला शिव्या दिल्या, प्रेमाच्या. सूनबाई बघून गेली.

पण संध्याकाळपर्यंत आनंद ओसरला. कारण माझा पत्रा एकसारखा होता, इंदू! तुझा अर्धा सावलीत. एकसारख्या पत्र्यात काठावरची शांतता ओळीओळीनं आत सरकत जाते, तेवढं माझं खरं होतं. तुझ्या पत्र्यात मध्ये सावलीची रेघ आहे. रेघेपर्यंत माझं प्रमेय येतं आणि थांबतं. पलीकडच्या भागात काही थरथरत असेल आणि रेघेवरच अडून राहत असेल, काठापर्यंत पोचतच नसेल, तर? असं होत नाही हे दाखवावं लागेल. होत नसावं असं मलाही वाटतं. पण वाटण्यावर तू मला कधी एक ओळ तरी पुढे जाऊ दिलीस का?

मग आता तीनच शक्यता उरतात आणि तिन्हींनी मला झोप नाही. एक, रेघ ओलांडायची युक्ती तुला सापडली होती आणि ती मला आपोआप दिसेल असं तुला वाटलं. मला दिसत नाही. दोन, तू चुकलीस. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या ओळींखाली रेघा ओढणारी बाई आपल्या पानावर रेघ विसरली. हे मला मान्य करवत नाही, आणि मैत्रीण म्हणून मान्य करावंसं वाटतं, कारण मग एकदा तरी तू माझ्यासारखी निघालीस. तीन, तू मुद्दाम ठेवलंस. मला कामाला लावायला, त्या सतरा पानांसारखं. असं असेल तर इंदू, त्या वेळी 'पान नऊ' म्हणून ओरडायला फोनच्या पलीकडे तू होतीस.

आणि सात महिने तुझ्याकडून काही ऐकू आलं नाही, म्हणून मी समजले की तू पत्रा सोडून दिलास. मला सोडून दिलंस. मी कान लावून बसले होते, हे तुला कोण सांगणार.

या सगळ्यात खरा घोर वेगळाच आहे. ही वही मी अशीच ठेवली तर माझ्यामागे कोणी तरी रद्दीत घालेल, पाठकोरी आधीच आहे. छापायची म्हटलं तर एकतीस नंबरचं पान रिकामं. "ही पायरी अजून सिद्ध नाही" असं प्रामाणिकपणे लिहून छापता येतं, लोक छापतात. पण नाव? तुझं नाव घातलं तर पुन्हा तुला न विचारता घातलं. मागच्या वेळी काढायला तू होतीस. आणि तुझं नाव न घालता तुझी तीस पानं छापू? इतकी नीच मी कोटा साडीतही नव्हते.

काल वही घेऊन हुडकेश्वरला गेले. प्राजक्ता नुकतीच बँकेतून आली होती, चपलाही काढल्या नव्हत्या. मी तिला सगळं सांगितलं, दिवाळीपासूनचं. लेख, तुझं पत्र, फोनवर मी काय बोलले ते, जिना. तिला काहीच ठाऊक नव्हतं असं मला वाटत होतं. ती ऐकत राहिली. मग मी विचारलं, "बाई, आता तूच तिच्या जागी. आईचं नाव घालू का नको, तेवढं सांग." मला वाटलं ती म्हणेल घाला, आणि मी सुटेन. किंवा म्हणेल नको, तरी सुटेन.

तिनं वही माझ्या हातातून घेतली, एकतिसावं पान उघडलं, थोडा वेळ पाहिलं आणि परत माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली:

"मावशी, नावाचं मले नका विचारू. मले त्यातलं काही समजत नाही. मी एवढं पाह्यलं, का दिवाळीपासून आई रोज सकाळी चहा घेऊन वही उघडे, अन् पान लिहून झालं का म्हणे, 'नाही, मालती इथं अडवीन.' मग पान फाडे, पुन्हा लिहे. मी म्हणलं, इतकं कायले करतं, फोन करून टाक ना त्याहिले. तर म्हणे, 'फोनवर ती ऐकत नाही, कागदावर ऐकते.' हे सारं तुमच्यासाठीच लिहून राहिली होती ती, दुसऱ्या कोणासाठी नाही. मग तुम्हीच सांगा ना मावशी, तुम्हाले पटलं का?"